आपल्या शाळेची तबकडी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, हे काम शहरातल्या इंजिनियरांचे; आपला त्याच्याशी काय संबंध? विषय असा : संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्यासाठी जी तबकडी वापरतात, म्हणजे सीडी किंवा डीव्हीडी, ती आपल्या गरजेप्रमाणे आपणच तयार करणे. अलीकडे तबकडीची जागा बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्हने घेतली आहे. पण आतला माल तोच आणि कामही तेच. तेव्हा बोलण्याच्या सोयीसाठी मी दोघांनाही तबकडीच म्हणेन.

आता संबंध कसा येतो ते पाहा. शाळेला संगणक मिळतात; कधी सरकारी योजनेतून, कधी एखाद्या कचेरीने वापरून झालेले. दहा-पंधरा यंत्रे खोलीत मांडली जातात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढे पाच-सात वर्षांत यंत्रे मंदावतात. त्यात आता आणखी एका अडचणीची भर पडली आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ घालावी तर तिला टीपीएम २.० नावाची सोय व ठराविक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत ते नसते. म्हणजे बैल धडधाकट आहे, पण गाडीच मोडीत निघाली, असा प्रकार.

अशा यंत्रावर लिनक्स घालून ते आणखी काही वर्षे नीट वापरता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. लिनक्सचे प्रकार अनेक आहेत. मी आज डेबियन हा एकच प्रकार उदाहरणाला घेतो. इयान मर्डॉक याने १९९३ साली त्याचा आरंभ केला, आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक तो चालवीत आले आहेत. आपल्याकडच्या सी-डॅक या संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यास आहे, २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची जी प्रणाली काढली, तिचाही पाया डेबियनचाच. तेव्हा घराणे ओळखीचे आहे.

एक यंत्र असेल तर प्रश्नच नाही. तबकडी लावावी, समोर बसावे, इन्स्टॉलर विचारील त्याची उत्तरे द्यावीत. भाषा कोणती? देश कोणता? कळफलक कोणता? यंत्राचे नाव काय? मुख्य पासवर्ड काय? वापरणाऱ्याचे नाव काय, त्याचा पासवर्ड काय? डिस्कचे भाग कसे पाडू? कोणकोणते प्रोग्रॅम घालू? असे धरून चाला पंधरा प्रश्न. आणि यंत्रे पंधरा. सव्वादोनशे वेळा उत्तर द्यायचे! त्यात तिसऱ्या यंत्राशी बसलेले असताना घंटा होते, सातव्याशी असताना पालक भेटायला येतात. मग एका यंत्रावर कळफलक मराठी होतो, दुसऱ्यावर अमेरिकन. एकावर मुलांचा चित्रकलेचा प्रोग्रॅम असतो, शेजारच्यावर नसतो. वर्गात शिकवताना पंधरा मुलांसमोर पंधरा तऱ्हा.

यावर तोड अशी की सर्व यंत्रांना समान असलेली उत्तरे तबकडीतच आधी लिहून ठेवावीत. यालाच तबकडी आपल्यासारखी करून घेणे म्हणतात. पण कोणती उत्तरे आधी लिहायची आणि कोणती त्या-त्या वेळी त्या-त्या माणसाला विचारायची, याचा विवेक त्यात ठेवावा लागतो. तो सुटला तर हीच तबकडी मोठे नुकसान करू शकते. त्याबद्दल मी पुढे जरा सविस्तर बोलणार आहे.

आधी तबकडीवरून यंत्र सुरू होते म्हणजे काय होते, ते थोडक्यात. बटण दाबल्यावर यंत्राला काहीच ठाऊक नसते. फक्त त्याच्या मुख्य पट्टीवरच्या एका चिपमध्ये थोडी कायमची शिकवण असते : अमक्या जागी पाहा, तिथे जे सापडेल ते वाच आणि त्याप्रमाणे वाग. या प्रकाराला 'बूट' होणे म्हणतात. बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला उचलण्याच्या कल्पनेवरून तो शब्द आला. तबकडीवर मजकूर २,०४८ बाइट्सच्या खणांत मांडलेला असतो. पहिले सोळा खण राखीव. मोजणी शून्यापासून केली तर सतराव्या खणात बूट करण्याविषयीची चिठ्ठी असते. ही पद्धत १९९५ साली ठरली आणि तिचे नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहाचे ते नाव. तिथे बसून दोघा इंजिनियरांनी ती योजना आखली, असे सांगतात. नव्या यंत्रांत या जुन्या शिकवणीऐवजी यूईएफआय नावाची पद्धत असते. ती खण मोजत नाही. एका लहानशा विभागात ठराविक नावाची फाइल शोधते. म्हणून चांगल्या तबकडीला दोन्ही दारे ठेवावी लागतात, जुन्या यंत्रासाठी एक आणि नव्यासाठी एक.

हे सांगण्याचे कारण म्हणजे एक नेहमीची चूक. इंटरनेटवरून उतरवलेली आयएसओ फाइल पुष्कळजण साध्या फाइलसारखी तबकडीवर उतरवतात आणि मग यंत्र सुरू होत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. चिठ्ठी सतराव्या खणात पोचलीच नाही, तर यंत्राला ती सापडणार कशी? आयएसओ फाइल ही सबंध तबकडीची खणनखण नक्कल असते. ती 'इमेज लिहा' या पर्यायानेच लिहावी लागते. लिहून झाल्यावर तबकडी उघडून पाहावी. आत पुष्कळ फोल्डर दिसले तर ठीक; एकच आयएसओ फाइल दिसली, तर काम फसले. पेन ड्राइव्हवर याच रीतीने लिहिताना त्यात आधी असलेले सगळे पुसले जाते, तेही ध्यानात असू द्या.

आता उत्तरांकडे वळू. डेबियनच्या इन्स्टॉलरला 'प्रीसीड' नावाची सोय आहे. पेरणीआधी बियाणे तयार ठेवावे तशी उत्तरे तयार ठेवायची. ही एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्या एकेका ओळीत एकेका प्रश्नाचे ठरलेले नाव आणि त्यापुढे आपले उत्तर. इन्स्टॉलर प्रश्न विचारण्यापूर्वी त्या फाइलीत पाहतो. उत्तर सापडले तर पुढे जातो, न सापडले तर पडद्यावर विचारतो. किती सोपी गोष्ट! ज्याचे उत्तर लिहायचे नाही, ती ओळच घालायची नाही. या फाइलीचा पुरा नमुना डेबियनच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात दिलेला आहे. तो उतरवून घ्यावा आणि त्यातच आपले फेरफार करावेत. नव्याने लिहायला बसू नये. सगळ्या आज्ञा मी इथे अक्षरशः सांगत बसत नाही. त्या कानाने ऐकून कागदावर नीट उतरायच्या नाहीत.

एक बारकावा मात्र सांगायला हवा, कारण तिथे पुष्कळजण अडतात. ही फाइल तबकडीवर ठेवली, तर इन्स्टॉलर तबकडी वाचू लागल्यावरच ती त्याला सापडते. पण भाषा, देश आणि कळफलक हे प्रश्न त्याच्याही आधी विचारले जातात. मग माणूस म्हणतो, मी उत्तर लिहिले होते, तरी हा विचारतोच कसा? उपाय असा की या तिघांची उत्तरे सुरुवातीच्या मेनूमधल्या बूटच्या ओळीतच लिहावीत, किंवा सगळी फाइलच इन्स्टॉलरच्या सुरुवातीच्या गाठोड्यात, ज्याला इनिटआरडी म्हणतात त्यात, बांधून टाकावी.

आता त्या विवेकाची गोष्ट.

प्रश्न दोन जातींचे असतात. भाषा मराठी, देश भारत, वेळ भारतीय, अमुक प्रोग्रॅम हवेत, ही उत्तरे पंधराही यंत्रांना सारखीच. ती खुशाल लिहून टाका. परंतु काही प्रश्न त्या एका यंत्राचे किंवा त्या एका माणसाचे असतात. यंत्राचे नाव घ्या. पंधरा यंत्रांना एकच नाव दिले, तर शाळेच्या नेटवर्कवर पंधरा जणांना एकाच नावाने हाक मारल्यासारखे होईल. पासवर्ड घ्या. ही उत्तरांची फाइल तबकडीवर उघडी असते. तबकडी ज्याच्या हाती पडेल तो ती वाचू शकतो. पासवर्ड सांकेतिक रूपात लिहिण्याची सोय आहे, पण मी तर म्हणेन, तो लिहूच नये. तबकडी या गावाहून त्या गावाला जाते, तिच्या नकला निघतात. आपल्या शाळेच्या तिजोरीची किल्ली तिच्याबरोबर का पाठवावी?

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न डिस्कचा. प्रीसीड फाइलीत तीन-चार ओळी अशा घालता येतात की इन्स्टॉलर काही न विचारता सबंध डिस्क पुसून तिचे नवे भाग पाडतो. या ओळी इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत सर्रास असतात, कारण ते नमुने मोठ्या कचेऱ्यांतल्या रिकाम्या, नव्या कोऱ्या यंत्रांसाठी लिहिलेले असतात. तिथे पुसण्यासारखे काही नसतेच. आपल्या शाळेत तसे आहे का?

समजा, अशी बिनबोभाट तबकडी आपण तयार केली. संगणक-खोलीतली चौदा यंत्रे झाली. पंधरावे मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे. त्याला हात लावायचा नाही असे ठरलेले. संध्याकाळी कोणीतरी तबकडी सहज त्यात ठेवून गेले. सकाळी शिपाईमामांनी नेहमीप्रमाणे बटण दाबले आणि ते घंटा द्यायला निघून गेले. यंत्राने तबकडीकडे पाहिले, मेनू आला, दहा सेकंद कोणी काही दाबले नाही म्हणून पहिला पर्याय आपोआप घेतला गेला. परिपाठ संपेपर्यंत दहावीचे गुणतक्ते, पोषण आहाराचे हिशेब, दाखल्यांच्या नोंदी, सगळ्यांवरून नांगर फिरलेला. यात कोणाला बोल लावणार? यंत्राने सांगितले तेच केले. मामांनी रोजचे तेच केले. मुख्याध्यापकांच्या डिस्कविषयीचे उत्तर महिनाभर आधीच कोणीतरी लिहून ठेवले होते, आणि ते लिहिणाऱ्याला ही डिस्क माहीतही नव्हती!

तुम्ही म्हणाल, 'अहो, मग फाइलीत फक्त पहिल्या डिस्कचं नाव घालू, म्हणजे दुसरीला धक्का लागणार नाही.' पण तेही भरवशाचे नाही. पहिली डिस्क कोणती हे प्रत्येक यंत्र आपल्या परीने ठरवते. पेन ड्राइव्हवरून सुरुवात केली तर कधी कधी तो पेन ड्राइव्हच पहिली डिस्क ठरतो. नव्या धर्तीच्या डिस्कांची नावेही निराळ्या पद्धतीची असतात. तेव्हा हा एक प्रश्न इन्स्टॉलरला विचारू द्यावा. भाग कसे पाडायचे याची शिफारस हवी तर फाइलीत लिहा, पण 'बदल डिस्कवर लिहू का?' याला 'हो' म्हणणारी ओळ घालू नका. त्या पडद्यावर डिस्कचे नाव आणि आकार दिसतो. समोर बसलेल्या माणसाने तो वाचावा आणि मगच होकार द्यावा. सव्वादोनशे उत्तरांची पंचेचाळीस झाली तरी आपले काम झालेच की! यंत्रामागे तीन प्रश्न : नाव, पासवर्ड, डिस्क. याशिवाय मेनूला वेळेची मर्यादा ठेवू नये. कोणी काही दाबले नाही तर त्याने वाट पाहत राहावे.

नॉर्वे देशात २००१ साली 'स्कोलेलिनक्स' नावाचे काम सुरू झाले. शाळांसाठी, आपल्या भाषेतली, शिक्षकाला बसवता येईल अशी प्रणाली हवी म्हणून. पुढे ते डेबियनमध्येच सामील झाले आणि आज डेबियन एज्यु या नावाने ओळखले जाते. शाळेतला मुख्य सर्व्हर कसा असावा, मुलांची यंत्रे त्याला कशी जोडावीत, हे सगळे त्या मंडळींनी तबकडीतच ठरवून ठेवले आहे. इतके करूनही डिस्कचे भाग आपोआप पाडू का, हा प्रश्न मात्र त्यांनी राखून ठेवला, आणि 'हो' म्हटल्यास डिस्कवरचे सर्व नष्ट होईल असा इशाराही मार्गदर्शिकेत दिला. केरळ राज्यानेही आपल्या शाळांसाठी उबुंटू या लिनक्सवरून स्वतःची प्रणाली घडवली आहे. म्हणजे हा खटाटोप काही आपण प्रथमच करणार आहोत असे नाही.

आता तबकडीत सामान काय भरायचे ते पाहू. डेबियनची एक छोटी तबकडी मिळते. ती नुसती सुरुवात करून देते आणि बाकीचे इंटरनेटवरून मागवते. जिथे इंटरनेट येते-जाते अशा गावात तिचा उपयोग नाही. आपल्याला हवी ती शिदोरी बरोबर घेऊनच निघायला हवे. परंतु एक प्रोग्रॅम घेतला की त्याला लागणारे आणखी चार प्रोग्रॅम लागतात, त्या चारांना आणखी काही. लग्नाला एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याच्याबरोबर बैलगाडीभर मंडळी उतरावी, तसे. ही वऱ्हाडाची यादी हाताने करू नये. त्यासाठी डेबियनमध्येच सिंपल-सीडीडी नावाचे साधन आहे. त्याला आपण हव्या त्या पॅकेजांची यादी आणि उत्तरांची फाइल द्यायची. ते सगळी सोबतची पॅकेजे गोळा करून आयएसओ फाइल बांधून देते. हे काम एकदाच, तालुक्याच्या गावी जिथे इंटरनेट चांगले आहे तिथे बसून करावे.

डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. ती पाहून हाव सुटते. माझे मत विचाराल तर यादी छोटी ठेवावी. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिबरऑफिस, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, पृथ्वीचा गोल दाखवायला मार्बल, एक ब्राउझर, आणि किविक्स. या किविक्समुळे सबंध मराठी विकिपीडिया एका फाइलीत आणून इंटरनेटशिवाय वाचता येतो. ती फाइल पॅकेज नसल्यामुळे तबकडीवर वेगळी ठेवावी; इन्स्टॉल संपता संपता ती यंत्रावर उतरवून घेण्याची आज्ञा प्रीसीडमध्ये शेवटी घालता येते. डीव्हीडीची कुवत ४.७ जीबी असते, त्याच्या आत सगळे बसवावे. पडद्याची मांडणीही हलकी निवडा. २ जीबी मेमरीच्या यंत्राला गनोमचा भार सोसत नाही. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी बरी.

आणि यंत्रे ३२-बिटची आहेत की ६४-बिटची, हे तबकडी बनवण्याआधी पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फार जुने यंत्र असेल तर जून २०२३ ची डेबियन १२ घ्यावी लागेल.

मराठीचे काय? इथे थोडे थांबले पाहिजे. तबकडीतल्या इन्स्टॉलरची दोन रूपे असतात, एक साध्या अक्षरांचे आणि एक चित्रमय. साध्या रूपात देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या मांडण्याची कुवत नाही, म्हणून त्यात मराठीचा पर्यायच मिळत नाही. मराठीत प्रश्न हवे असतील तर मेनूतून चित्रमय रूपच घ्यावे लागते, आणि आपल्या तबकडीत तेच पहिले ठेवावे. देवनागरीसाठी लोहित हा टंक यादीत घाला. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट, भारत सरकारने १९८० च्या दशकात भारतीय भाषांसाठी ठरवलेला तो प्रमाण कळफलक, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. मुलांना पहिल्यापासून तोच द्यावा. ती लवकर शिकतात, अडखळतो आपण.

पण एक खोच आहे, बरं का. कळफलक नुसता मराठी ठेवला, तर पासवर्ड टाइप करताना रोमी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटतात आणि पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यामुळे चूक कळत नाही. पासवर्ड बरोबर, तरी दार उघडत नाही! म्हणून इंग्रजी व मराठी असे दोन्ही कळफलक घालावेत, इंग्रजी पहिला, आणि बदलायची कळ कोणती ते खोलीत भिंतीवर लिहून लावावे.

अशीच गंमत घड्याळाची. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले, तर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होते. लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर चालते असे धरते, विंडोज स्थानिक वेळेवर. मधले अंतर नेमके आपल्या भारतीय वेळेचे साडेपाच तास. यासाठीही प्रीसीडमध्ये एक प्रश्न आहे. दोन्ही प्रणाली ठेवणार असाल तर त्याचे उत्तर 'नाही' असे लिहा, म्हणजे भांडण मिटेल.

याहून वेगळी एक तबकडी असते, ती म्हणजे डिस्कला हात न लावता तबकडीवरूनच चालणारी. क्लाउस क्नोपर या जर्मन गृहस्थाने २००० साली काढलेली क्नॉपिक्स हे तिचे गाजलेले उदाहरण. ७०० एमबीच्या सीडीवर त्याने सुमारे २ जीबीचे सामान दाबून बसवले होते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात ना, तसे; फरक इतकाच की इथे एक मूठ कापूस हवा असेल तर सगळी गाठ सोडावी लागत नाही. आजकाल या कामाला स्क्वॉशएफएस वापरतात. अशी तबकडी आपल्यासारखी करायची तर ती गाठ सोडायची, आत जाऊन हवे ते घालायचे, नको ते काढायचे, आणि पुन्हा दाबून बांधायची. डेबियनचे लाइव्ह-बिल्ड नावाचे साधन हे काम पहिल्यापासून करून देते. नवख्या शिक्षकाने यंत्र लिनक्सवर चालेल की नाही हे आधी पाहण्यासाठी ही तबकडी जरूर वापरावी. स्वतः घडवण्याच्या खटपटीत मात्र आरंभी पडू नये.

आता तपासणी. मूळ आयएसओ उतरवली की प्रथम तिची बेरीज तपासायची. एसएचए-२५६ या रीतीने काढलेली ही बेरीज ६४ अंक-अक्षरांची असते. फाइलीत एका बिटाचा जरी फरक पडला तरी ती सगळीच बदलते. डेबियनने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ती ताडून पाहा. आपण फेरफार केल्यावर ती बेरीज अर्थातच जुळणार नाही. म्हणून आपल्या तयार फाइलीची नवी बेरीज काढून जपून ठेवावी आणि तबकडी देताना बरोबर द्यावी. तबकडीच्या पोटातही एमडी५ बेरजांची एक यादी असते. हाताने फाइली बदलल्या असतील तर ती यादीही नव्याने करावी लागते, नाहीतर इन्स्टॉलरमधली तपासणी नापास होते. सिंपल-सीडीडी वापरलेत तर ही कटकट ते साधनच सांभाळते.

मग लगेच तबकडीवर लिहू नका. आधी व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू या प्रोग्रॅममध्ये लटके यंत्र तयार करून त्यात ती चालवून पाहा. इंटरनेट तोडून पाहा. शिदोरीत काय राहिले ते तिथेच कळते. लटक्या यंत्राला मुद्दाम दोन डिस्का जोडून पाहा आणि इन्स्टॉलर विचारतो की परस्पर एखादी पुसतो ते डोळ्यांनी बघा. इथे ती पुसली तरी कोणाचे काही जात नाही. त्यानंतर शाळेतल्या सर्वांत रडतखडत चालणाऱ्या यंत्रावर, त्यातले काही जपायचे असेल ते आधी दुसरीकडे उतरवून, प्रयोग करा. त्यावर चालली तर बाकीच्यांची काळजी नाही. डीव्हीडी लिहिताना वेग कमी ठेवावा आणि लिहून झाल्यावरची पडताळणी चुकवू नये.

कोणी विचारील, 'असे फेरफार करायला परवानगी असते का?' डेबियनच्या मुख्य भांडारातले सगळे साहित्य मुक्त परवान्यांखाली आहे. बदला, नकला करा, शेजारच्या शाळेला द्या, हरकत नाही. देताना त्यातले सोर्स कोठे मिळेल हे सांगण्याची जबाबदारी मात्र येते. शिवाय डेबियन हे नोंदवलेले नाव आहे. फेरफार केलेली तबकडी 'डेबियनची अधिकृत' म्हणून देऊ नये. 'डेबियनवर आधारलेली, अमुक शाळेची' असे लिहावे. विंडोजलाही आधी उत्तरे लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि परवाना घेतलेल्या मोठ्या संस्था ती आपल्या यंत्रांपुरती वापरतात. पण फेरफार केलेली विंडोज नकला काढून वाटता येत नाही. बाजारात 'सगळे एकात' म्हणून शंभर रुपयांत ज्या तबकड्या मिळतात, त्यात कोणी काय घातले आहे हे कळायला मार्ग नसतो. शाळेच्या यंत्रावर मुलांची नावे, पत्ते, आधार क्रमांक असतात. तिथे असला अनोळखी पाहुणा घेऊ नये.

तबकडी तयार झाली म्हणजे तिच्यावर मऊ टोकाच्या पेनाने लिहावे : डेबियनची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, तयार केल्याची तारीख. बरोबर एक कागद ठेवावा. कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहिली आहेत, कोणती विचारली जातील, आणि मोठ्या अक्षरांत, 'डिस्कचा पडदा आला की नाव व आकार वाचून मगच होकार द्या'. तबकडी उन्हात किंवा खिडकीत ठेवू नये. लिहिण्याजोग्या तबकडीतला रंग उन्हाने उडतो आणि मजकूर वाचता येईनासा होतो. यंत्रात तर ती रात्रभर मुळीच राहू देऊ नये. आणि ती उत्तरांची फाइल तबकडीखेरीज दुसरीकडेही जपून ठेवा. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तेव्हा हीच फाइल पुन्हा कामी येईल. फक्त नव्या मार्गदर्शिकेतल्या नमुन्याशेजारी ठेवून ती ओळ न् ओळ वाचून पाहावी लागेल, कारण मधल्या काळात काही प्रश्नांची नावे बदललेली असतात, आणि ज्याचे नाव बदलले त्याचे आपले जुने उत्तर इन्स्टॉलरला दिसत नाही.